काशीची टांकसाळ आणि आपला तोळा

सरकारी कचेऱ्यांत ‘वजन’ हा शब्द फार वेगळ्या अर्थाने चालतो. अमक्याचे वरपर्यंत वजन आहे, तमक्याच्या फाईलवर वजन ठेवल्याशिवाय ती हलत नाही, असे आपण ऐकत आलो आहोत. त्या वजनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज लिहायचे आहे ते वाण्याच्या तराजूत पडणाऱ्या साध्यासुध्या वजनाविषयी. राज्यसंस्थेच्या सर्वांत जुन्या कामांपैकी ते एक आहे. चोरापासून संरक्षण, न्यायनिवाडा, महसूल यांच्या बरोबरीने ‘माप खरे असेल’ ही हमी राजाने प्रजेला द्यायची असते. तरीही आपल्या प्रशासनाच्या इतिहासात या विषयाला एखाद्या तळटीपेइतकीच जागा मिळते. हिंदुस्थानात ही हमी कशी आकाराला आली याचा एक महत्त्वाचा धागा वाराणसीत सापडतो, आणि तो आपल्या घरातल्या सोन्याच्या तोळ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

आधी थोडे शास्त्र. शाळेत आपण शिकलो की वस्तुमान म्हणजे पदार्थातील द्रव्याचा संचय आणि वजन म्हणजे त्या द्रव्याला पृथ्वी ज्या बलाने आपल्याकडे ओढते ते बल. परीक्षा संपली की हा भेद आपण विसरतो, कारण बाजारात दोन्हींना ‘वजन’च म्हणतात. गंमत अशी की दोन पारड्यांचा जुना तराजू वजन मोजतच नाही. तो वस्तुमानांची तुलना करतो. एका पारड्यात साखर, दुसऱ्यात लोखंडी माप. पृथ्वी दोघांना सारख्याच प्रमाणात ओढते, म्हणून ओढ कमीजास्त झाली तरी दांडी समतोलच राहते. काशीत तोललेली एक किलो साखर लंडनमध्ये तराजूवर एक किलोच भरेल आणि चंद्रावरही एक किलोच. ताणकाट्याचे तसे नाही. स्प्रिंग किती ताणली गेली यावर तो आकडा दाखवतो, म्हणजे तो ओढ मोजतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर आहे आणि स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ही ओढ लंडनला जास्त, वाराणसीला कमी आणि मुंबईला आणखी थोडी कमी. लंडनला बरोबर लावलेला ताणकाटा जसाच्या तसा वाराणसीला आणला, तर किलोमागे सुमारे सव्वादोन ग्रॅम कमी दाखवील. भाजीच्या बाबतीत याला कोणी विचारणार नाही. पण शंभर ग्रॅम सोन्यामागे हा फरक जवळजवळ दोन गुंजांचा होतो, आणि दोन गुंजांवरून आपल्याकडे भाऊबंदकीचे दावे लागलेले आहेत.

तराजू इतका प्रामाणिक असेल तर मग अडचण कुठे? अडचण दुसऱ्या पारड्यात. तिथे काय ठेवायचे आणि ते खरे आहे हे कोणी सांगायचे?

माणसाने प्रथम निसर्गाकडे पाहिले. गुंजेचे लाल बी, त्यावर काळा ठिपका; आकाराने बरेचसे सारखे, वाळल्यावर फारसे न बदलणारे. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. एकेक बी थोडे कमीजास्त भरते, पण शंभरेक बिया एकत्र घेतल्या की चुका एकमेकींना पुष्कळशा खाऊन टाकतात. सोनाराला हे गणित पुस्तकातून शिकावे लागले नाही. धान्याला मात्र इतक्या नाजूक मापाची गरज नव्हती. महाराष्ट्रात धान्य तोलले कमी आणि मापले जास्त. चिपटे, मापटे, शेर, पायली ही सारी आकारमानाची मापे. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. यात तराजू लागत नाही, पण वाद लागतो. माप शिगोशीग भरायचे की हात फिरवून सपाट करायचे? घेणाऱ्याचे शिगेचे आणि देणाऱ्याचे सपाट, ही कुळांची जुनी तक्रार आहे. उत्तरेत शेर आणि मण ही मुख्यतः तोलण्याची मापे, दक्षिणेत तीच नावे मापण्यालाही. त्यातून मुंबईचा व्यापारी मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा पुढे ठरला तो ८२ पौंडांहून थोडा अधिक. मुंबईहून काशीला पत्र पाठवून कोणी ‘एक मण’ माल मागवला, तर जवळजवळ तिप्पट माल दारात यायचा!

राज्यसंस्था यात उतरली ती नाण्याच्या मार्गाने. नाणे ही एकच वस्तू अशी की जी राजा स्वतः तोलून, ठसा मारून लोकांच्या हातात देतो. म्हणून नाणे हेच वजन झाले. ‘रुपयाभार’ हा आपला शब्द तेच सांगतो. याचे सर्वांत प्रसिद्ध मराठी उदाहरण रायगडावरचे आहे, आणि त्याचाही काशीशी संबंध आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट काशीचे. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. त्या विधींत महाराजांची सुवर्णतुला झाली. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा गडावर होता. त्याच्या वृत्तान्तात तुलेचे सोने सुमारे १६,००० होन भरल्याची नोंद आहे. आता यावरून महाराजांचे वजन काढू पाहणाऱ्याने थोडे थांबावे. होन कोणता? दक्षिणेत चालणारा सुमारे ३.४ ग्रॅमचा धरला तर उत्तर ५४ किलोच्या आसपास येते. शिवराई होन सुमारे २.८ ग्रॅमचा धरला तर ४५ किलो. नोंद करणाऱ्याने आकडा लिहिला, एकक लिहिले, पण एककाचे वजन लिहिले नाही. त्याच्या काळी ते सर्वांना ठाऊक होते. सरकारी दप्तरे वाचताना असा अनुभव वारंवार येतो: जे सर्वांना माहीत असते तेच कागदावर उतरत नाही, आणि शंभर वर्षांनी नेमके तेच हवे असते.

आता टांकसाळीकडे वळू. मोगल काळापासून बनारसला टांकसाळ होती. पुढे ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली, तरी रुपयावर नाव बादशहा शाह आलमचेच राहिले. नदेसर भागात ‘मिंट हाउस’ हे नाव अजूनही ऐकू येते. शासकीय कामानिमित्त वाराणसीला जाणे झाले तेव्हा मी त्या रस्त्याने गेलो आहे. पाहण्यासारखे तिथे फार नाही. पण १८२० साली एकवीस वर्षांचा एक तरुण याच टांकसाळीत परखमास्तर म्हणून आला, एवढे माहीत असले की ते नाव निराळे वाटते. त्याचे नाव जेम्स प्रिन्सेप. अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी १८३७ मध्ये उलगडणारा म्हणून आपण त्याला ओळखतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याची नोकरी नाणी तोलण्याची आणि त्यांतील चांदीचा कस पाहण्याची होती. १८३० साली टांकसाळ बंद होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, तो काशीत राहिला. ग्रेनच्या तीन सहस्रांशापर्यंतचा फरक दाखवील असा तराजू त्याने तयार केला होता. एका रुपयाच्या साठ हजाराव्या भागाइतका फरक त्यावर कळे. भट्टीचे तापमान मोजण्यासाठी सोने, चांदी आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूंचे वितळणबिंदू वापरण्याची त्याची पद्धत १८२८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

मोजण्याची ही सवय टांकसाळीच्या भिंतीआड राहिली नाही. त्याने शहराचा नकाशा केला, गटारासाठी भुयार खणवले, पंचगंगा घाटावरील मशिदीच्या मिनारांची दुरुस्ती केली. त्या घाटाच्या आसपास, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाटाकडे मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे, तेव्हा आपल्या पूर्वजांनी या साहेबाला साखळी घेऊन हिंडताना पाहिले असणार. काशीची लोकसंख्या सहा लाखांच्या घरात आहे अशी समजूत होती. प्रिन्सेपने मोजली तेव्हा ती एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास निघाली. अंदाज आणि मोजणी यांत केवढे अंतर असू शकते, हे प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने लक्षात ठेवावे.

त्या काळच्या नाण्यांची अवस्था पाहिली की या कामाचे मोल कळते. कलकत्त्याचा सिक्का रुपया १९१.९१६ ग्रेनचा, फर्रुखाबादी १८०.२३४ ग्रेनचा, मद्रासचा १८० ग्रेनचा. शिवाय झिजलेली, छाटलेली, जुन्या राजवटींची नाणी वेगळीच. एका रुपयाचा दुसरा करून घेताना सराफ बट्टा घेई. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार आपण आज अब्रूसाठी वापरतो, पण बट्टा मुळात पैशाला लागे, आणि तो भरे शेतकरी. त्याच्या हातात येणारा रुपया एक आणि सरकारी खजिन्यात चालणारा दुसरा. मधला फरक त्याच्या घरातून जाई. वजनमापांचे प्रमाणीकरण हा तज्ज्ञांचा नीरस विषय आहे असे मानणाऱ्यांनी हा शेतकरी डोळ्यांसमोर आणावा.

बनारसची टांकसाळ बंद झाल्यावर प्रिन्सेप कलकत्त्याला गेला, १८३२ मध्ये तिथला परखमास्तर झाला आणि सर्व प्रांतांत एकच रुपया व एकच वजन असावे यासाठी त्याने जोर लावला. १८३३ च्या सातव्या रेग्युलेशनने फर्रुखाबादी रुपयाचे वजन १८० ग्रेन केले, ते मद्रास व मुंबईच्या रुपयाशी जुळवले, आणि त्याच १८० ग्रेनला ‘तोळा’ ठरवून तो वजनाचे एकक केला. ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. या निवडीतले चातुर्य असे: ३,२०० तोळे गुणिले १८० म्हणजे ५,७६,००० ग्रेन, आणि ते होतात बरोबर १०० ट्रॉय पौंड. देशी मण आणि विलायती पौंड एकाही अपूर्णांकाशिवाय जुळले. देशी माणसाला तोळा, शेर, मण ही नावे ओळखीची, आणि साहेबाला हिशेब सोपा. १८३४ साली प्रिन्सेपने नाणी, वजने व मापे यांची उपयुक्त कोष्टके छापली. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी १८० ग्रेनचा एकच रुपया आला.

माझ्या मते या व्यवस्थेचा खरा कणा तो रुपया होता, कायद्याचे कलम नव्हे. प्रमाण वजन आता कलकत्त्याच्या कपाटात नव्हते. ते प्रत्येकाच्या कनवटीला होते. दुकानदाराच्या मापाविषयी शंका आली तर दुसऱ्या पारड्यात रुपये टाकून पाहावे. ऐंशी नवे रुपये म्हणजे एक शेर. १८५४ मध्ये टपालाचे दर ठरले तेव्हा पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा पडे. पाव तोळा म्हणजे रुपयाच्या चौथाईचा भार. काशीयात्रेला गेलेल्याने घरी धाडलेल्या पत्राचा कागद इतका पातळ का असे, याचे एक कारण हेही. अर्थात नाणे हातोहात फिरून झिजते, आणि झिजलेल्या रुपयांचा शेर थोडा हलका भरतो. म्हणून मूळ प्रमाण टांकसाळीतच जपावे लागते. पण सामान्य माणसाला पडताळणीचे साधन देणारी इतकी सोपी व्यवस्था आपल्याकडे पुन्हा झाली नाही. आजचा रुपया घ्या. १९९२ चा पोलादी रुपया ४.८५ ग्रॅमचा, २०११ चा ३.७९ आणि २०१९ चा ३.०९. किंमत तीच, ठसा सरकारचाच. पण त्याने काही तोलता येणार नाही.

इतके सगळे नीट जुळूनही बाजार बदलला नाही. सरकारी व्यवहार, टांकसाळ, पुढे रेल्वे यांनी नवा मण स्वीकारला. गल्लीतल्या तराजूवर मात्र जुनेच शेर राहिले, कारण नवे माप न वापरणाऱ्याला शासन करणारी, गावोगावी जाऊन मापे तपासणारी यंत्रणाच नव्हती. त्याहून विलक्षण कथा १८७१ ची. त्या वर्षी सरकारने वजनमापांचा कायदा केला आणि ‘शेर’ म्हणजे एक किलोग्रॅम असे ठरवले. होय, किलोग्रॅम! इंग्लंडने स्वतः न स्वीकारलेली दशमान पद्धत हिंदुस्थानासाठी मंजूर झाली, कायद्याच्या पुस्तकात छापली गेली, आणि अमलात कधीच आली नाही. मुंबई प्रांताने १९३२ मध्ये आपला कायदा केला. १९३९ मध्ये केंद्राने पुन्हा तोळा-शेर-मण यांनाच प्रमाण मानले. १८३३ साली ठरलेले एकक शंभर वर्षांनी पुन्हा ठरवावे लागले, यावरून मधल्या काळात काय झाले असेल ते दिसतेच.

१९५६ चा कायदा यशस्वी का झाला? त्याच्या मागे घाई नव्हती, आणि त्याच्या हाती माणसे होती. आधी नाणे दशमान केले. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला आणि लोकांना दहा-शंभराच्या हिशेबाची सवय लागली. मग १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम. काही वर्षे जुनी-नवी दोन्ही मापे चालू दिली आणि एप्रिल १९६२ पासून जुनी बंद केली. राज्याराज्यांत निरीक्षक नेमले. लोखंडी वजनाला खाली एक भोक असते आणि त्यात शिसे भरलेले असते, हे आपण पाहिले असेल. वजन कमीजास्त असेल तर शिशाने ते जुळवायचे आणि त्याच शिशावर सरकारी शिक्का उठवायचा. शिसे मऊ असते. कोणी छेडछाड केली तर शिक्का बिघडतो. मला ही प्रशासनातली फार सुंदर युक्ती वाटते. त्या शिक्क्याची साखळी जिल्ह्याच्या, राज्याच्या प्रमाण वजनांतून जात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील ५७ क्रमांकाच्या किलोग्रॅमपर्यंत आणि तिथून पॅरिसजवळच्या मूळ दंडगोलापर्यंत पोहोचे. २० मे २०१९ पासून तो दंडगोलही निवृत्त झाला. किलोग्रॅमची व्याख्या आता प्लांकच्या स्थिरांकावरून होते. शिशावरचा शिक्का मात्र आहे तिथेच आहे. २००९ च्या वैध मापन कायद्याखालील नियमांप्रमाणे वजने दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काटे दर वर्षी तपासून घ्यावे लागतात.

इलेक्ट्रॉनिक काट्याला वर्षाची मुदत का, हे आता ध्यानात येईल. काशीच्या चौकात किंवा विश्वेश्वरगंजच्या गल्ल्यांत दांडीचा तराजू अजून दिसतो, पण राज्य आहे ते काचेवर लाल आकडे दाखवणाऱ्या काट्याचे. तो तुलना करत नाही. तो ओढ मोजतो आणि वस्तुमान म्हणून सांगतो. म्हणून जिथे वापरायचा तिथेच, खऱ्या वजनाने, तो जुळवून घ्यावा लागतो. जुन्या तराजूतील लबाडी निदान डोळ्यांना दिसे. एका पारड्याखाली चिकटवलेली चिंच, दांडीचा मध्य सरकवणे, पासंगाची हातचलाखी. ‘अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण म्हणतो, तो पासंग म्हणजे दोन पारडी समतोल करण्यासाठी हलक्या बाजूला बांधलेला लहानसा भार. काशीचा माणूस ‘डाँडी मारना’ म्हणतो, आपण ‘काटा मारणे’ म्हणतो. मराठी माणसाने कामाला दांडी मारली असे काशीत सांगितले, तर ऐकणारा त्याला लबाड वाणी समजेल. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांवरील काटामारीची तक्रार प्रत्येक गळीत हंगामात होते. टनावारी ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला एक-दोन टक्के म्हणजे किती, हे त्याला विचारावे. मिठाईच्या दुकानात पुठ्ठ्याचा खोका मिठाईबरोबर तोलला जातो, तेव्हा आपणही पुठ्ठा पेढ्यांच्या भावाने विकत घेत असतो. फक्त सणाच्या दिवशी वाद नको म्हणून गप्प बसतो. खोका आधी काट्यावर ठेवून आकडा शून्य करायला सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे.

शेवटी घरातला तोळा. महाराष्ट्रातील सराफ आज ‘तोळ्याचा भाव’ सांगतो तो दहा ग्रॅमचा असतो. १९६२ नंतर कायद्यातून गेलेला तोळा बोलण्यातून गेला नाही. तो फक्त हलका झाला. बनारसच्या टांकसाळीत घडलेल्या त्या परखमास्तराचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. देशाबाहेर किंवा परप्रांतात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांत आजी-पणजीच्या दागिन्यांच्या याद्या, लग्नातल्या याद्या, वाटणीपत्रे जपून ठेवलेली असतात आणि त्यांवर ‘पाटल्या, १० तोळे’ असे लिहिलेले असते. यादी दशमान मापे रुळण्याआधीची असेल, तर तिथले दहा तोळे म्हणजे साधारण ११६.६ ग्रॅम, दहाच्या हिशेबाने मोजल्यास साडेसोळा ग्रॅमांहून अधिक सोने कागदावरच नाहीसे होते. वाटणी करताना आधी यादीवरचे साल वाचावे आणि मग काट्यावरचा आकडा.